शून्य धरून पॉझिटिव्ह

"सही फक्त इथे करायची, मॅडम. वाचायचीही गरज नाही, तुमचंच तर आहे," वैद्य साहेब म्हणाले.

तरी मी वाचलं. एका पानाचं सर्टिफिकेट होतं. सोबत जोडलेले इंग्रजी भाषांतर मूळ फ्रेंच मजकुराशी तंतोतंत जुळते, असं त्यात होतं. खाली माझं नाव टाइप केलेलं. सोबतचं पानही एकच, आणि त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ. शाफ्टच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, दिशेची फट पॉझिटिव्ह असावी, जोडपत्र बघावं, असं ती ओळ सांगत होती. 'द अ‍ॅक्शियल क्लिअरन्स शॅल बी पॉझिटिव्ह. रीफर अ‍ॅनेक्स.'

"एवढ्या एका ओळीसाठी?" मी विचारलं.

"एन्क्वायरी आहे. एका फिटरने मॅन्युअल पाळलं नाही. रेकॉर्डला लागतं."

शुक्रवार होता. तीन वाजता माझं लेक्चर होतं आणि घड्याळात अडीच वाजून गेले होते. मी सही केली आणि रिक्षा पकडून एमआयडीसीतून महाडला परत आले.

मी कॉलेजात गणित शिकवत असे. पुण्यात एम.एस्सी. करताना फ्रेंच शिकले होते, कारण माझ्या विषयातले चांगले पेपर तेव्हा फ्रेंचमध्ये असत. लग्नानंतर महाडला आले तेव्हा या भाषेचा इथे काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मग नव्वदच्या दशकात एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीने फ्रान्समधून सेंट्रिफ्यूज आणला. सेंट्रिफ्यूज म्हणजे भोकं पाडलेली एक मोठी स्टीलची टोपली. ती गरगर फिरते, ओल्या मालातलं पाणी भोकांतून बाहेर उडतं आणि कोरडी पावडर आत राहते. मशीनबरोबर जाडजूड फ्रेंच मॅन्युअल आलं. वर्क्स मॅनेजर वैद्य मला शोधत कॉलेजात आले. गावात फ्रेंच येणारी मी एकटीच.

ते काम मी मनापासून केलं होतं. तांत्रिक फ्रेंचमध्ये साधे शब्द भलतेच अर्थ घेऊन बसलेले असतात. 'कूप्ल' म्हणजे जोडपं, पण मेकॅनिक्समध्ये टॉर्क, म्हणजे पीळ. 'फ्लेश' म्हणजे बाण, पण तुळईच्या बाबतीत बोलत असतील तर तिला आलेला झोळ. 'झो' म्हणजे खेळ, पण मशीनमध्ये दोन भागांतली फट, जिला आपल्याकडे क्लिअरन्स म्हणतात. 'वितेस' हा तर एकच शब्द स्पीडलाही चालतो आणि व्हेलॉसिटीलाही. इंग्रजी लिहिताना आपल्याला ठरवावं लागतं. असा प्रत्येक शब्द मी एका वहीत टिपत गेले. डिक्शनरी बघितली, मेकॅनिकलच्या एका प्राध्यापकांना पत्रं लिहिली, दोनदा मशीनपाशी उभी राहून भाग बघितले. त्या वहीचा मला अभिमान होता.

शनिवारी काही झालं नाही, पण मन जागेवर नव्हतं. त्या पेन्सिलीच्या रेघेत काहीतरी टोचत होतं. पेपर तपासायला घेतले आणि एकाच मुलीला दोनदा मार्क दिले.

रविवारी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. हातात पिशवी, पायात धुळीने माखलेल्या चपला.

"फ्रेंचवाल्या बाई त्या तुमीच का?"

"हो. आत या."

ती आत आली, पण बसली नाही. "मी तुडीलची. सुमन. माझं मालक काशिनाथ, त्या कंपनीत फिटर हायत. त्यांना बशीवलाय घरी. तुमी सही केलीत म्हनं. त्या सहीवर त्यांना काढतायत."

मी म्हटलं, "अहो, मी फक्त भाषांतर बरोबर आहे एवढंच लिहून दिलंय."

"ता मला काय कळत नाय, बाई. मला येवढा सांगा, त्यांची चूक काय?"

मी तिला बळेच बसवलं, पाणी दिलं. मग तिच्याकडून सगळं कळलं. सेंट्रिफ्यूजचं बेअरिंग जाम झालं होतं. फिरती टोपली एकदम अडकली, शाफ्ट वाकला, मोटर जळाली. कोणाला लागलं नाही हे नशीब. महिनाभर आधी ते बेअरिंग काशिनाथने बसवलं होतं आणि जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: क्लिअरन्स शून्य. मॅन्युअल म्हणतं पॉझिटिव्ह ठेवा. पॉझिटिव्ह म्हणजे शून्यापेक्षा जास्त. याने शून्य ठेवला. म्हणून सस्पेंड, आणि गुरुवारी एन्क्वायरी.

"पन बाई, मशीन बसवायला तो गोरा साहेब आलेला ना, मार्सेल, त्यानीच दाखवलान. फट मोजायच्या डायलचा काटा शून्यावर आनलान, वर बोट ठेवलान, आनि म्हनला, 'बों, बों'. तवापासून हे तसाच करतात. चार वर्सं मशीन काय बोललं नाय. आता कोनाला सांगतात तर कोन ऐकत नाय. गोरा साहेब गेला त्याच्या देशाला."

'बों' म्हणजे छान, ठीक. हा शब्द तुडीलच्या बाईच्या तोंडून ऐकताना मला हसू यायला हवं होतं. पण मी दुसऱ्याच गोष्टीवर अडकले. मॅन्युअल लिहिणारा फ्रेंच, मशीन बसवणारा फ्रेंच. एक म्हणतो पॉझिटिव्ह ठेवा, दुसरा शून्यावर आणून छान म्हणतो. दोघांतला एक चुकतोय, किंवा कोणीच चुकत नाही.

आणि मग मला पुण्यातली एक जुनी गोष्ट आठवली.

इथे थोडं गणित सांगावं लागेल. आपल्या शाळेत संख्यारेषा काढतात. शून्याच्या उजवीकडे धन संख्या, डावीकडे ऋण, आणि शून्य स्वतः ना धन ना ऋण. फ्रेंच शाळेत तसं नाही. तिथे शून्य धनही असतं आणि ऋणही. त्यांचा 'पोझितीफ' म्हणजे शून्य किंवा त्याहून मोठा. शून्य नकोच असेल तर ते मुद्दाम 'स्त्रिक्तमाँ पोझितीफ' म्हणतात, म्हणजे काटेकोरपणे धन. हे मला माहीत होतं! पुण्यात असताना याच शब्दापायी एका पेपरातली सिद्धता दोन दिवस जुळत नव्हती, शेवटी सरांनी सांगितलं. आणि तरी मॅन्युअलमध्ये 'पोझितीफ' दिसल्यावर मी सरळ 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळी झाले होते.

"बाई, काय झाला?" सुमनने विचारलं.

"तुमच्या मालकांचं कदाचित बरोबर असेल," मी म्हटलं. "पण मला आधी बघू दे. आत्ता कोणाला सांगू नका."

ती गेल्यावर मी वही काढली. पानामागून पान उलटलं. कूप्ल होता, फ्लेश होता, 'झो'ला तर पूर्ण पान दिलेलं. 'पोझितीफ' नव्हता. शंकाच आली नव्हती, तर टिपणार कशाला? आणि मूळ पानांच्या झेरॉक्स मी काम संपल्यावर कंपनीला परत केल्या होत्या. मूळ मजकुरात नुसतं 'पोझितीफ' असेल तर काशिनाथ सुटतो. पण तिथे 'स्त्रिक्तमाँ' असेल आणि मी घाईत तो शब्द गाळला असेल तर? मग काशिनाथ खरंच चुकला होता, आणि मी त्याच्या बायकोला नुसती आशा लावली होती. दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. आमटी दोनदा गरम केली आणि दोनदा करपवली.

सोमवारी सकाळी कंपनीत फोन केला. वैद्य साहेब मुंबईला हेड ऑफिसला गेलेले, बुधवारी येणार. त्यांच्याशिवाय ड्रॉइंग ऑफिसमधली फाइल कोणी देणार नाही. बुधवारपर्यंत हातावर हात धरून बसणं मला जमेना. एन्क्वायरी करणारे जोगळेकर वकील पोलादपूरला राहत. कॉलेज सुटल्यावर एसटी पकडली.

जोगळेकरांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुमचं सर्टिफिकेट माझ्याकडे आलंय," ते म्हणाले.

"ते मी मागे घेते."

"घ्या. कंपनी पुण्याहून दुसरं आणेल. तो माणूस काय लिहील?"

मी विचार केला. "पॉझिटिव्हच लिहील."

"मग? तुमचं मागे घेऊन त्या फिटरचं काय भलं होणार? मला रेकॉर्डवर जे येतं तेच दिसतं, मॅडम. मूळ पान आणा, आणि त्या पानाचा अर्थ मला कळेल असा दाखवा. मी फ्रेंच शिकलेलो नाही."

"आणि पान मिळालं नाही तर?"

"तर कार्डावर शून्य आहे, भाषांतरात पॉझिटिव्ह आहे, आणि खाली तुमची सही आहे."

परतीची गाडी पाऊण तास आली नाही. मी स्टँडवर येरझाऱ्या घालत होते. एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, कोणाला आणायला आलात?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

मंगळवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. बुधवारी दहाच्या ठोक्याला मी कंपनीच्या गेटवर होते.

"शब्द बदलायचाय का, मॅडम?" वैद्य साहेबांनी विचारलं. जोगळेकरांचा फोन आधीच येऊन गेला असावा.

"नाही. मूळ बघायचंय."

"सही करून पाच दिवस झाले."

"सहीच्या आधी बघायला हवं होतं. चुकलं माझं. आता नाही दाखवलंत तर उद्या रेकॉर्डवर सांगेन की मूळ न बघता सही केली."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वैद्य माणूस वाईट नव्हता. प्लांट महिनाभर बंद, वरून रोज फोन, कोणाचं तरी नाव द्यायचं होतं. त्यांनी बेल वाजवली आणि फाइल मागवली.

निळ्या फाइलीत सगळं मॅन्युअल होतं. पान सापडायला पाच मिनिटं लागली.  झो, अक्शियाल, पोझितीफ. पुढे पूर्णविराम. 'स्त्रिक्तमाँ' नाही.

तीन पानं पुढे गेले. सीलच्या आत नायट्रोजनचा दाब ठेवतात, त्याबद्दल एक वाक्य होतं. तिथे मात्र दाब 'स्त्रिक्तमाँ पोझितीफ' हवा असं लिहिलेलं. तिथलं माझं भाषांतर मला आठवलं, 'स्ट्रिक्टली पॉझिटिव्ह'. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, हे फ्रेंच लोक उगाच कडक बोलतात. म्हणजे लिहिणाऱ्याने दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द विचार करून वापरले होते. आणि मी त्यातला फरक समोर असून बघितला नव्हता.

"हे मला पटवून काय उपयोग?" वैद्य म्हणाले. "वकिलाला काय दाखवणार? एक शब्द आहे, एक शब्द नाही?"

"जोडपत्र कुठे आहे? मॅन्युअल म्हणतं, रीफर अ‍ॅनेक्स."

जोडपत्र फाइलीच्या अगदी मागे होतं. आठ पानं, सगळी सूत्रं. हे मला भाषांतराला कधी दिलंच नव्हतं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने इंग्रजीत लिहिलेलं होतं: 'कॅल्क्युलेशन्स. ट्रान्सलेशन नको.'

"हे अक्षर माझं आहे," वैद्य हळूच म्हणाले.

मी पान उलटायला घेतलं. खरं म्हणजे तेव्हा त्यांनी जोडपत्र वगळलं म्हणून मला बरंच वाटलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागणार होती.

दुसऱ्याच पानावर मला हवं ते होतं. फटीला त्यांनी x म्हटलं होतं. पुढे 'पोझितीफ', आणि लगेच चिन्हात: x ≥ 0. वरची मर्यादाही दिलेली, मिलिमीटरचे तीन शतांश. कारणही दिलं होतं. मशीन चालू झालं की शाफ्ट तापतो आणि लांब होतो, आणि या रचनेत तो लांब झाला की फट आपोआप वाढते. म्हणून थंड असताना शून्य चालतो. मार्सेलने तेच दाखवलं होतं. काशिनाथ तेच करत होता.

मी ते हाताने उतरवून घ्यायला लागले. झेरॉक्स मशीन नादुरुस्त होतं, असं वैद्य म्हणाले. खरं होतं की नाही, देव जाणे. उतरवता उतरवता सहाव्या पानावर आले आणि पेन थांबला. तिथे बेअरिंगला ग्रीस किती तासांनी द्यायचं त्याचं सूत्र होतं, वेगावरून आणि शाफ्टच्या जाडीवरून काढायचं. मी मार्जिनमध्ये आकडेमोड केली.

"साहेब, इथे ग्रीस कधी देतात?"

"महिन्याला. यंदापासून सगळ्याच मशीनना तसंच."

"या सूत्राने आठवड्याच्या आत द्यायला हवं."

त्यांनी फाइल माझ्यापुढून ओढून घेतली. सूत्र वाचलं. ते इंजिनिअर होते, त्यांना फ्रेंचची गरज नव्हती. स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा केलं. मग कॅल्क्युलेटर बंद केला.

"उद्या अकरा वाजता," ते म्हणाले. "फाइल माझ्याकडे राहील."

घरी येताना मी हिशेब करत होते की माझ्या हस्ताक्षरातल्या दोन कागदांना जोगळेकर काय किंमत देतील. मूळ फाइल वैद्यांकडे. पेन्सिलीतलं अक्षर त्यांचं. सहावं पान त्यांच्या अंगावर येणारं. त्यांनी फाइल 'सापडत नाही' म्हटलं तर मी काय करणार होते? रात्रभर डोळा लागला नाही.

गुरुवारी कॉन्फरन्स रूममध्ये काशिनाथला मी पहिल्यांदा पाहिलं. चाळिशीचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घातलेला. खुर्चीच्या कडेवर बसला होता. जोगळेकर मध्ये. वैद्य अकराला दोन मिनिटं असताना आले. त्यांच्या हातात निळी फाइल होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता बसले.

जोगळेकर मला म्हणाले, "मॅडम, पॉझिटिव्ह म्हणजे शून्याच्या वर. शाळेतलं पोरही सांगेल."

"इथलं सांगेल, सर. फ्रान्समधलं नाही."

मी पान दाखवलं. नायट्रोजनचं वाक्य दाखवलं, दोन शब्दांमधला फरक सांगितला. मग जोडपत्राचं दुसरं पान उघडून त्या चिन्हावर बोट ठेवलं. जोगळेकर वाकून बघू लागले.

"ही खालची आडवी रेघ म्हणजे?"

"किंवा बरोबर. x शून्यापेक्षा मोठा किंवा शून्याबरोबर."

"साहेब, हे असंच आहे?" त्यांनी वैद्यांना विचारलं.

"असंच आहे," वैद्य म्हणाले.

"मग मॅडम, तुमचं भाषांतर चुकीचं होतं?"

"हो."

"आणि शुक्रवारी ते अचूक आहे असं तुम्ही लिहून दिलंत?"

"हो. तेही चुकलं."

"लेखी द्याल?"

"आत्ता देते."

मी लिहीत असताना जोगळेकरांनी काशिनाथला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

तो उभा राहिला. "मी काय सांगू, साहेब? शून्य ठेवला तर कार्डावर शून्यच लिवला. लपवायचा असता तर दुसरा आकडा लिवायला किती येळ लागतो?"

जोगळेकरांनी जॉब कार्ड पुढे ओढून पुन्हा बघितलं. मग वैद्य म्हणाले, "कंपनी चार्ज मागे घेतेय."

"आणि बेअरिंग कशामुळे गेलं?" जोगळेकरांनी विचारलं.

वैद्यांनी फाइल मिटली. "ती तांत्रिक बाब आहे. आम्ही आत बघू."

जोगळेकरांनी मान डोलावली. त्यांच्यासमोर फिटरचा प्रश्न होता, तो सुटला होता. सहावं पान फाइलीतच राहिलं. मी तोंड उघडू शकले असते. नाही उघडलं. ज्या माणसाने फाइल आणली त्याला तिथेच उघडं पाडायचं माझ्याने झालं नाही. आजही ते बरोबर केलं की चूक, मला सांगता येत नाही.

बाहेर पडल्यावर काशिनाथ माझ्यासाठी थांबला होता. आभार वगैरे मानले नाहीत, बरं झालं. त्याने विचारलं, "बाई, म्हंजी त्यांच्यात शून्य दोन्ही बाजूला?"

"हो. धनातही, ऋणातही."

त्याने बोटाने हवेत एक आडवी रेघ ओढली. "मग त्या गोऱ्या साहेबाला मी उगाच नाय मानत," एवढं म्हणून तो गेटबाहेरच्या बसकडे गेला.

सोमवारी तो कामावर हजर झाला. जाम झालेलं बेअरिंग कापून बघितलं तेव्हा आतलं ग्रीस करपून कोळशासारखं झालं होतं, हे मला नंतर त्याच्याचकडून कळलं. ग्रीसचं वेळापत्रक गुपचूप बदललं गेलं. ते कोणी बदललं आणि का, याचा कागद नाही. हेड ऑफिसला गेलेल्या रिपोर्टात कारण एका ओळीत होतं: भाषांतरातील संदिग्धता. वैद्यांनी मला त्याची प्रत स्वतःहून पाठवली. मी हरकत घेतली नाही. माझी चूक त्या बेअरिंगपर्यंत पोचली नव्हती, पण चूक होतीच. आणि जी आठ पानं पोचायला हवी होती ती आम्ही दोघांनी मिळून मागे ठेवली होती. त्या कंपनीकडून मला पुन्हा काम आलं नाही.

दुसऱ्या कंपन्यांकडून येत राहिलं, पुढे दहाएक वर्षं. नवीन भाषांतर करणारी मुलं कधी विचारतात की अवघड शब्दांचं काय करायचं. मी त्यांना सांगते की त्यांची काळजी करू नका. अवघड शब्दापाशी आपण थांबतो, विचारतो, चार पुस्तकं बघतो, तिथे सहसा बिघडत नाही. सोप्या शब्दाचं तसं नसतं. तो चुकला हे आपल्याला कळतं तेव्हा आपण बरीच पानं पुढे गेलेलो असतो.